पाहुण्यांची तालीम

शाळेच्या फाटकाला एक काळा फळा टांगलेला असायचा. मधोमध खडूची उभी रेघ. डाव्या अंगाला ‘झालं’ आणि उजव्या अंगाला ‘होणार’. गावाचं वर्तमानपत्र म्हणाल तर तेच. दूधवाला सायकलवरून एक पाय टेकवून तो फळा वाचायचा, पोस्टमन वाचायचा, आणि शेताकडं निघालेल्या बायका जाणाऱ्या-येणाऱ्याला थांबवून वाचून घ्यायच्या. ‘झालं’खाली असायचं, दुसरीतल्या जुळ्यांचे दात एकाच दिवशी पडले. किंवा, खेळाच्या पेटीत कोंबडीनं अंडी घातली आहेत, पिल्लं निघेपर्यंत चेंडू मिळणार नाहीत. ‘होणार’खाली असायचं, बुधवारी धुकं नसेल तर टेकडीवर सहल, धुकं असेल तरी सहल, पण हात धरून.

लिहायची पाळी मुलांची. मुलानं लिहिलेलं दिवसभर पुसायचं नाही, असा बाईंचा नियम होता. शाळा सुटली की फळा पुसायचा तोही बाईंनीच.

त्या वर्षी ‘होणार’खाली आठवडाभर एकच मजकूर होता: शनिवारी संध्याकाळी संमेलन. सर्वांनी यावं. लहानांना मांडीवर घ्यावं. मोठ्यांनी झोपू नये.

सुताराची मुलगी तेव्हा चौथीत होती. दिसायला एवढीशी आणि तोंडात सतत काहीतरी कुरतडायला, म्हणून सगळे तिला खारू म्हणत. संमेलनात तिला चंद्राचं काम मिळालं होतं. पुठ्ठ्याचा गोल छातीशी धरून उभं राहायचं आणि म्हणायचं, “मी चंद्र. मी रोज थोडा थोडा झिजतो, पण संपत नाही.” पुढंही बरंच होतं, पण एवढं नीट आलं की बाकीचं घरंगळत यायचं. घरी ती वडिलांच्या कामाच्या खोपटात बसून पाठ करायची. वडील रंधा मारत असायचे. लाकडाची पातळ सालपटं वळत वळत निघायची, उन्हाच्या तिरिपेत क्षणभर उजळायची आणि खाली पडायची. खारूला वाटायचं, चंद्र झिजतो तो असाच झिजत असणार. वर कुणीतरी सावकाश रंधा मारत असणार.

“बाबा, ऐकताय ना?”

“मी कशाला ऐकू? मी काय येणार आहे?”

खारूच्या मनाला लागायचं ते हेच. शनिवारी वडिलांनी यावं, यापलीकडं तिला काही नको होतं. आणि वडील शाळेची पायरी चढत नसत, कारण शाळेच्या बाई म्हणजे त्यांची सख्खी धाकटी बहीण.

खारू पाळण्यात होती तेव्हाची गोष्ट. सुतारानं शाळेला नवे बाक करून दिले होते. तपासणीचे साहेब आले, नेमके कडेच्या बाकावर बसले आणि बाक डुगडुगला. हातातला चहा विजारीवर. बाईंना त्या घटकेला काय सुचलं कोण जाणे, साऱ्या गावादेखत म्हणाल्या, “आमच्या दादाला लाकूड कळतं हो, पाय किती लांब ठेवायचा तेवढं कळत नाही.” सगळे हसले. साहेबही हसले. सुतार तेवढा हसला नाही. “बाक सरळ आहे, शाळेची जमीन वाकडी आहे,” एवढं बोलून जो बाहेर पडला तो पडलाच. मग गावात दोन तट झाले, बाकवाले आणि जमीनवाले. हळूहळू तेही विसरले. बहीणभाऊ विसरले नाहीत. रस्त्यात समोरासमोर आले तर एक जण कुंपणाकडं बघायचा, दुसरी आभाळाकडं.

खारूची फार पंचाईत व्हायची. शाळेत आत्याला बाई म्हणायचं आणि घरी तिचं नावच काढायचं नाही. वडील म्हणायचे, “काय म्हणत होत्या तुमच्या बाई?” जणू बाई परगावाहून बदलून आल्या होत्या. आई भाकरीवरची नजर न उचलता म्हणायची, “भाऊ तसा, बहीण तशी. एकाच ओंडक्याच्या दोन फळ्या. ठोकायला गेलं की खिळाच वाकतो.”

बाईंची एक पद्धत होती, ती दुसऱ्या कुठल्या शाळेत नसेल. त्या नाटकाची तालीम घ्यायच्या तशी पाहुण्यांचीही घ्यायच्या. “गर्दी दिसली की तुमची दातखीळ बसते,” त्या म्हणायच्या, “तेव्हा गर्दीच आधी करून बघू.” खुर्च्या मांडायच्या, घराला दोन. ज्याचं त्या घटकेला काम नसेल त्यानं आपापल्या घरचं माणूस होऊन बसायचं. आणि बाई दारापासून सुरुवात करून एकेकाचं स्वागत करत यायच्या, अगदी खऱ्यासारखं.

ती तालीम गुरुवारी दुपारी झाली. धुकं त्या दिवशी उठलंच नव्हतं. खिडक्यांच्या काचा दुधात बुडवून काढल्यासारख्या होत्या आणि वर्गातला उजेड कुठून येतोय ते कळत नव्हतं. त्या उजेडात उद्या-परवाची माणसं आजच येऊन बसली होती. पोस्टमनचा मुलगा पोस्टमन होऊन डुलक्या घेत होता. शिंपिणीची मुलगी शेजारणीच्या बाहीची शिवण चिमटीत धरून बघत होती. पहिलीतला एक जण आपली आजी झाला होता आणि दर थोड्या वेळानं “सुरू झालं का गं?” असं विचारत होता. हसू कुणालाच येत नव्हतं.

खारूच्या प्रवेशाची तालीम आधीच झाली होती. ती येऊन आईच्या खुर्चीवर आई होऊन बसली. शेजारची खुर्ची नेहमीसारखी रिकामी. दर वर्षी बाई त्या खुर्चीशी आल्या की नजर पुढच्या रांगेकडं न्यायच्या. खारू त्या खुर्चीकडं बघत राहिली. मग तिला कळलंही नाही, ती कधी सरकून त्या खुर्चीत गेली. पेन्सिल तिनं कानामागं खोवली. गुडघे फाकले, दोन्ही हात गुडघ्यांवर उपडे ठेवले, आणि घसा खाकरला.

बाई आल्या आणि थांबल्या. मग हलक्या आवाजात म्हणाल्या, “दादा. आलास?”

“आलो,” खारू जाड आवाजात म्हणाली.

“बरा आहेस ना?”

“आहे. गुडघे तेवढे दुखतात.”

“तेल लावतोस का?”

“राहून जातं.”

“जाणारच. लहानपणापासूनच तू असा. कुणी मागं लागल्याशिवाय अंगाला हात लावायचा नाहीस.” बाईंच्या हातातला खडू गोल गोल फिरत होता. “त्या दिवशी बाकाचं मी जरा जास्तच बोलले रे.”

आता मात्र खारूला पुढचं येईना. घरी वडील बाईंबद्दल जे काही बोलायचे ते इथं चालण्यासारखं नव्हतं. ती बराच वेळ गप्प बसली. काचेवरून धुक्याचा एक थेंब ओघळत खाली आला.

“असू दे,” ती म्हणाली.

बाईंनी मान हलवली आणि त्या पुढच्या खुर्चीकडं गेल्या. तिथली आजी म्हणाली, “सुरू झालं का गं?”

घरी जाताना खारूच्या लक्षात आलं, वडिलांना न विचारता तिनं त्यांच्या वतीनं सगळं मिटवून टाकलं होतं.

शुक्रवारी फळ्यावर लिहायची पाळी त्या पहिलीतल्या आजीची, म्हणजे आजी झालेल्या मुलाची होती. सकाळी खारू फाटकाशी आली तर ‘झालं’खाली ही एवढाली अक्षरं: काल सुतारकाका शाळेत आले. बाईंशी बोलले.

“अरे गाढवा, मी होते ती!” खारू ओरडली.

“तू कुठं होतीस? तू तर नव्हतीसच तिथं,” तो म्हणाला. थट्टा नव्हती, त्याला खरंच तसं वाटत होतं.

तेवढ्यात बाई आल्या. बाईंनी ते वाचलं. पुसणं उचललं, क्षणभर हातात धरलं, परत खाली ठेवलं आणि आत जाऊन घंटा दिली.

दुपारपर्यंत गावभर झालं. संध्याकाळी खारू घरी आली तेव्हा दूधवाला खोपटाच्या दारात उभा होता.

“बरं झालं बाबा गेलास ते. रक्ताचं नातं, किती दिवस ताणायचं.”

“कुठं गेलो?”

“लाजतोस काय! फळ्यावर आलंय. पोस्टमननं पण वाचलं.” आणि दूधवाला घंटी वाजवत निघूनही गेला.

सुतारानं खारूकडं बघितलं. खारू पायानं सालपटांचा ढीग उकरत राहिली आणि मग एका दमात सगळं सांगून टाकलं. खुर्ची, पेन्सिल, गुडघे. वडील ऐकत होते. हातातली फळी त्यांनी डोळ्यासमोर धरली होती, जणू तिला कुठं बाक आलाय का ते बघत होते.

“मग ती काय म्हणाली?”

“तेल लावतोस का, म्हणाल्या.”

“आणखी?”

“त्या दिवशी जास्तच बोलले, म्हणाल्या.”

फळी खाली आली. “स्वतःहून? का तू बोलायला लावलंस?”

“स्वतःहून. शपथ.”

“मग मी काय म्हणालो?”

खारूनं डोळे घट्ट मिटले. “असू दे, म्हणालात.”

तिनं एक डोळा उघडला.

“लगेच?” वडिलांनी विचारलं. “लगेच म्हणालो असू दे?”

“नाही, नाही. खूप वेळ घेतलात. पोरं चुळबुळायला लागली होती.”

“हं,” वडील म्हणाले. “मग ठीक आहे.” आणि रंधा सुरू झाला.

“बाबा, उद्या येणार ना?”

रंध्याच्या आवाजात उत्तर आलं असेल तर तिला ते ऐकू गेलं नाही.

शनिवारी संध्याकाळी आई एकटीच आली. “ते?” खारूनं पडद्याच्या फटीतून खुणेनं विचारलं. आईनं तोंड वाकडं करून हात उडवला. मांडीवरची पिशवी तिनं शेजारच्या खुर्चीवर ठेवली. खारूनं पुठ्ठ्याचा चंद्र उचलला. तो आदल्या दिवसापेक्षा जड लागत होता.

संमेलन सुरू झालं, आणि खारूला वाटलं, आपण झोपेत आहोत. सगळं एकदा घडून गेलेलं पुन्हा घडत होतं. पोस्टमन डुलक्या घेऊ लागला. शिंपीण शेजारणीची बाही चिमटीत धरून बघू लागली. “आता आजी बोलणार,” पडद्यामागं कुणीतरी पुटपुटलं, आणि मागून खरंच आवाज आला, “सुरू झालं का गं?” मुलांनी एकमेकांकडं बघितलं. माणसं मोठी होती, पण पाठांतर चोख होतं.

नाटकात रात्र झाली. खारू पुढं आली. समोर सगळे चेहरे तांबूस उजेडात तरंगत होते.

“मी चंद्र,” ती म्हणाली. “मी रोज थोडा थोडा झिजतो...”

आणि कडेच्या खिडकीत तिला वडील दिसले. धुतलेला सदरा, पाणी लावून बसवलेले केस, आणि गजांना धरलेले दोन्ही हात. हे तालमीत नव्हतं. हे कुणीच केलं नव्हतं. खारूच्या डोक्यातला शब्द न् शब्द पाखरांसारखा उडून गेला.

“पण संपत नाही,” पडद्यामागून बाई कुजबुजल्या.

“पण संपत नाही!” खिडकीतून सुतार ओरडला.

दोन्ही आवाज एकदमच आले. आधी कुणाला काही कळलं नाही, मग सगळी खोली हसली. पोस्टमन जागा होऊन टाळ्या वाजवू लागला. बाई पडदा सारून पुढं आल्या.

“दादा, हे काय खिडकीतून? चोरासारखं?”

“मग काय करू? तू इतकं हळू सांगतेस, पोरीला ऐकू कसं जायचं?”

“हळूच सांगायचं असतं. गावाला ऐकवायचं नसतं.”

“गावाला ऐकवायची सवय कुणाला आहे, सगळ्यांना माहितीय!”

हसू जागच्या जागी थांबलं. खारूनं चंद्र हनुवटीपर्यंत वर घेतला. मग बाई म्हणाल्या, आणि या वेळी शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं, “हो. वाईट सवय होती ती माझी.”

सुतार गजांना धरून उभाच.

आईनं खुर्चीवरची पिशवी उचलून मांडीवर घेतली. “भांडायचं तर आत बसून भांडा,” ती म्हणाली. “गार वारा येतोय खिडकीतून.”

खिडकी रिकामी झाली. माणसं दाराकडं वळून बसली. दार उघडलं, आणि सुतार कुणाकडं न बघता, प्रत्येकाच्या पायावर पाय देत रांगेतून आत आला. बसला. गुडघ्यांवर हात उपडे ठेवले. पहिलीतला मुलगा पडद्यामागं समाधानानं म्हणाला, “बघ, परवा असेच बसले होते.”

“आता बसलास तर नीट बस,” बाई म्हणाल्या. “आणि तेलाचं काय झालं?”

“लावलं. सकाळीच लावलं. चौकशी नंतर कर.”

“नंतर तू सापडतोस होय!”

“अहो,” खारू म्हणाली. आवाज फार बारीक आला, म्हणून तिनं पुन्हा म्हटलं, “अहो, माझं अजून राहिलंय!”

“गप गं, तिला बोलू दे,” सुतार बहिणीला म्हणाला.

“मी गपच आहे. तूच बोलतोयस.”

मग दोघंही गप्प झाले, आणि खारूनं पुढचं म्हणायला सुरुवात केली.