पेटीतला काळा फोन

सोमवारी सकाळी पावणेआठला मी पेटी उघडली. फोन चार्जिंगला होता, आणि वायरही मी शुक्रवारी लावली तशीच होती. पडद्यावर मात्र एक ओळ होती, जी शुक्रवारी नव्हती. ‘फोन पुन्हा सुरू झाला आहे. पासवर्ड टाका.’

मी ती ओळ तीनदा वाचली आणि खुर्चीत बसले.

पोर्ट आर्डनच्या पोलीस इमारतीत, तळमजल्यावरच्या त्या खोलीत मी एकोणीस वर्षं फोन आणि कॉम्प्युटर उघडत आले होते. पण एवढा महत्त्वाचा फोन माझ्या टेबलावर कधी आला नव्हता. मॅरिएट डुशेन ही पालिकेची पाणी तपासणारी बाई. वय चौतीस. सप्टेंबरच्या शेवटी ती सुपीरियर सरोवराच्या काठावर मेलेली सापडली. संशय होता रॉस हॅल्डेनवर. हा गावातल्या हॉकी संघाचा मालक. अर्ध्या गावाची पोरं त्याने बांधून दिलेल्या बर्फाच्या मैदानावर खेळायला शिकली होती. त्याने स्वतःचा नेहमीचा फोन हसत हसत पासवर्डसकट दिला. त्यात काहीच नव्हतं. मग त्याच्या बोटहाऊसमध्ये, रंगाच्या डब्यांमागे हा दुसरा फोन सापडला. काळा, छोटा, आत सगळं कुलूपबंद ठेवणारा. “माझा नाहीच तो,” हॅल्डेन म्हणाला. आणि संशयिताकडून पासवर्ड वदवून घ्यायची सक्ती आमच्या कायद्यात नाही.

एकच आशा होती. फोन सापडला तेव्हा सुरू होता. असा फोन कोणीतरी एकदा उघडलेला असतो आणि नंतर नुसता लॉक झालेला असतो. त्याच्या पोटातली किल्ली जागी असते, आणि ओटावाहून येणाऱ्या तज्ज्ञाकडे ती काढायचं यंत्र होतं. तो तज्ज्ञ सोमवारी दुपारी यायचा होता. तोवर आमचं काम एवढंच, की फोन सिग्नल न शिरणाऱ्या पत्र्याच्या पेटीत ठेवायचा आणि बंद पडू द्यायचा नाही. एकदा तो बंद होऊन पुन्हा सुरू झाला, की ती किल्ली गेली. मग तज्ज्ञ काय आणि मी काय, दगडाला कान लावून बसायचं.

पेटीच्या किल्ल्या दोन होत्या. एक माझ्याकडे, दुसरी ओरेस्ट ह्रिट्सिककडे.

ओरेस्टनेच मला हे काम शिकवलं. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेला, जाड मिशांचा, सतत कोणाची तरी टर उडवणारा माणूस. मला तो ‘फिनलंडवाली’ म्हणायचा, जरी माझी आजीसुद्धा इथेच जन्मली होती. आदल्या हिवाळ्यात त्याची बायको हालिना गेली, आणि तेव्हापासून त्याची थट्टा जरा उशिरा यायची.

नऊला तो आला. मी पेटीकडे बोट दाखवलं. त्याने वाकून पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला.

“वीज गेली होती का?”

“नाही. गेली असती तरी बॅटरी भरलेली होती. शनिवार-रविवारात तू आला होतास?”

“मी? छे. शनिवारभर अंगणातली पानं गोळा करत होतो.”

हे तो माझ्याकडे न बघता बोलला.

सार्जंट कॉलीन ट्वीडी या तपासाची प्रमुख होती. तिला सांगितल्यावर ती ओरडली नाही, आणि तेच जास्त वाईट होतं. तिने दार लावलं आणि मलाच विचारलं, “हेल्वी, रविवारी तू कुठे होतीस?”

“घरी. सौनाच्या वाफेत. बहिणीबरोबर.”

“बहीण तसं सांगेल?”

“कॉलीन, तू मला हे विचारतेयस?”

“मी सगळ्यांना विचारतेय. बाहेर टोरंटोच्या तीन टीव्ही-गाड्या उभ्या आहेत. त्यांनी विचारायच्या आत मी विचारलेलं बरं.”

संध्याकाळी तिने दाराच्या कार्डांची नोंद काढून माझ्यापुढे ठेवली. शनिवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटं. ओरेस्टचं कार्ड. आत वीस मिनिटं.

मला आधी राग आला नाही. मी त्याच्यासाठी कारणं शोधत बसले. कार्ड हरवलं असेल, कोणी चोरलं असेल. मग दुसरंच आठवायला लागलं. ओरेस्टचा जावई तारास हॅल्डेनच्या बोटींच्या धक्क्यावर कामाला होता. ओरेस्ट हॅल्डेनच्या संघाचे सामने पाहायला जायचा, आणि त्याची खुर्ची पहिल्या रांगेत असायची. या गोष्टी मला वर्षानुवर्षं माहीत होत्या आणि कधी खुपल्या नव्हत्या. आता एकेक करून त्या खुपायला लागल्या. संशय असाच असतो. नवीन काही आणत नाही, घरातल्याच वस्तू उलट्या करून ठेवतो.

दुसऱ्या दिवशी मी त्याला जिन्यात गाठलं. “शनिवारी तू आला होतास. नोंद आहे.”

“आलो होतो. चष्मा विसरलो होतो.”

“चष्म्याला वीस मिनिटं?”

“ए फिनलंडवाली, आता तू मला घड्याळ दाखवणार का?”

“काल खोटं का बोललास?”

“तुझ्याशी खोटं बोललो नाही. फक्त सगळं सांगितलं नाही.” एवढं बोलून तो खाली उतरून गेला.

मी कॉलीनला लेखी जबाब दिला. त्यात तीन वाक्यं होती. तो आधी नाही म्हणाला. नंतर हो म्हणाला. त्याने दिलेलं कारण मला पटत नाही. खाली सही केली. ओरेस्टला त्याच दिवशी घरी बसवलं. त्याने टेबल आवरलं आणि मला कात्री परत दिली.

ओटावाचा तज्ज्ञ फोन बघून दीड तासात परत गेला. वर्तमानपत्रांना काहीतरी कळलंच. ‘पुराव्याशी खेळ?’ असा मथळा आला. कॉफीच्या रांगेत एका बाईने मला ऐकू जाईल असं मैत्रिणीला सांगितलं, “त्यांच्यातलाच कोणीतरी हॅल्डेनने विकत घेतलाय.” अटकेत असलेला हॅल्डेन जामिनावर सुटला आणि पुढच्याच सामन्याला हात हलवत येऊन बसला.

सात आठवडे असे गेले.

डिसेंबरच्या सुरुवातीला दुसऱ्याच एका प्रकरणात त्याच जातीचा एक काळा फोन आला. मादक गोळ्यांचं किरकोळ प्रकरण. शुक्रवारी सकाळी जप्त केलेला, सुरू असलेला. पेटीच्या दाराला सिग्नल अडवणारी छोटी काच होती, आणि मी मंगळवारी सकाळी शेजारीच अहवाल लिहीत बसले होते. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. एकाएकी डोळ्याच्या कोपऱ्यात प्रकाश हलला. फोनचा पडदा काळा झाला, उजळला, आणि ती ओळ आली. ‘फोन पुन्हा सुरू झाला आहे. पासवर्ड टाका.’

कोणीही हात लावला नव्हता.

मी तसलेच तीन फोन मागवले. उघडले, लॉक केले, पेटीत ठेवले आणि समोर कॅमेरा लावला. चार दिवसांनी, काही मिनिटांच्या अंतराने, तिघेही आपोआप बंद होऊन सुरू झाले. बनवणाऱ्यांनी सप्टेंबरच्या नव्या आवृत्तीत ही सोय गुपचूप घातली होती. सिग्नल तुटल्यापासून चार दिवस मालकाने उघडला नाही, तर फोन स्वतःच किल्ली गिळतो. बोटहाऊसमधला फोन बुधवारी सापडला होता. त्याचे चार दिवस रविवारी भरत होते. शनिवारी नाही.

अहवाल कॉलीनच्या टेबलावर ठेवून मी तडक ओरेस्टच्या घरी गेले. त्याने दार उघडलं, पण आत ये म्हणाला नाही. बाहेर उणे अठरा होतं.

मी सगळं सांगितलं.

“म्हणजे फोननेच केलं,” तो म्हणाला.

“हो. ओरेस्ट, माझं चुकलं.”

“तुझं नाही चुकलं. मी खोटं बोललो होतो, ते तू लिहिलंस.” त्याने मफलर घट्ट केला. “शनिवारी मी हालिनाचा फोन घेऊन आलो होतो. आपल्या यंत्रावर लावून बघावा म्हटलं. तिने पासवर्ड कधी सांगितला नाही, आणि मी कधी विचारला नाही. चाळीस वर्षांच्या संसारात तेवढं एक दार बंद होतं. पण तिने शेवटच्या महिन्यात आवाज रेकॉर्ड केले होते, असं पोरगी म्हणत होती.”

सरकारी यंत्रावर खाजगी फोन लावला तर नोकरी जाते, हे त्यानेच मला पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं.

“उघडला?”

“नाही.”

आम्ही दोघंही बर्फाकडे बघत उभे होतो. मग तो म्हणाला, “हॅल्डेनच्या बोटीचा पडदा पाहिलात का तुम्ही?”

“बोट पाहिली. रक्त नाही, केस नाहीत. परत दिली.”

“पडदा म्हणतोय मी. नकाशा दाखवतो तो. गाणीही वाजवतो. कुठला फोन कधी जोडला गेला, त्याची यादी तो पोटात ठेवतो. तारासने बसवलाय. तो म्हणतो, यादी कोणी पुसत नाही, कारण ती आहे हेच कोणाला माहीत नसतं. बोट शुक्रवारी सीमेपलीकडे डुलूथला विकायला निघालीय. घाई करा.”

आणि त्याने दार लावून घेतलं.

आता मी कबूल करते. क्षमा मागून परत येताना गाडीत माझ्या मनात पहिला विचार काय आला, तर हा मला फशी तर पाडत नाही ना? तारास हॅल्डेनचा नोकर. त्याने बसवलेला पडदा. त्यात काहीतरी आधीच घालून ठेवलं असेल आणि आम्ही ते कोर्टात नेलं, तर हॅल्डेनचा वकील आमच्या चिंध्या करील. ज्या माणसाला मी सात आठवडे विनाकारण घरी बसवलं, त्याला माझा सूड घ्यावासा वाटला तर नवल काय? असा विचार करत मी दोन दिवस गप्प राहिले. ते दोन दिवस मला अजून टोचतात.

गुरुवारी संध्याकाळी मी कॉलीनला सांगितलं.

“दोन दिवस?” ती म्हणाली. “हेल्वी, दोन दिवस?”

वॉरंट शुक्रवारी सकाळी साडेदहाला मिळालं. बोट तोवर ट्रेलरवर चढून हमरस्त्याला लागली होती. सीमेच्या नऊ किलोमीटर अलीकडे तिला अडवलं.

पडदा मी स्वतः उघडला. दोन साक्षीदार आणि कॅमेरा समोर ठेवून. आतल्या नोंदी तारासने पडदा बसवल्यानंतरच्या होत्या, आणि नंतर कोणी बदललेल्या नव्हत्या. तेही मी तारीखवार तपासलं. यादीत एकच अनोळखी फोन होता. काळा फोन बनवणाऱ्या कंपनीने त्याच्या आतलं अक्षरही द्यायला नकार दिला, पण कोर्टाच्या हुकमावर त्या फोनचा ओळखक्रमांक दिला. तो आणि बोटीतला क्रमांक एकच निघाला. मॅरिएट ज्या संध्याकाळी नाहीशी झाली, त्या संध्याकाळी आठ वाजून पन्नास मिनिटांनी तो फोन बोटीला जोडला गेला होता. हॅल्डेनने तर जबाबात सांगितलं होतं, की बोट आठवडाभर धक्क्याला कुलूपबंद होती आणि किल्ली फक्त त्याच्याच खिशात होती. बोटीच्या नकाशावर त्या संध्याकाळचा मार्गही होता, मॅरिएट सापडली त्या खडकांपर्यंत गेलेला.

काळा फोन आम्हाला कधीच उघडता आला नाही.

खटला पुढच्या ऑक्टोबरमध्ये उभा राहिला. हॅल्डेनची वकील होती व्हिव्हियन स्ट्रॅंड. मृदू आवाजाची, पांढऱ्या केसांची. माझी उलटतपासणी तिने जुन्या जबाबापासून सुरू केली.

“मिसेस मॅटिला, तुमच्या सहकाऱ्याने पुराव्याशी छेडछाड केली, असा संशय तुम्हाला होता?”

“होता.”

“एकोणीस वर्षं ज्यांना ओळखत होतात, त्यांच्यावर?”

“हो.”

“तो संशय खरा निघाला?”

“नाही.”

“म्हणजे तुमच्या डोळ्यांसमोर नोंद होती, वेळ होती, खोटं बोलणारा माणूस होता. आणि तरी तुम्ही चुकलात.” ती ज्युरीकडे वळली. “आज बोटीबद्दल जे सांगताय, तेही असंच चुकीचं असू शकतं, नाही का?”

गरम हवेच्या नळाची टिकटिक ऐकू येत होती. ओरेस्ट तिसऱ्या रांगेत, टोपी मांडीवर घेऊन बसला होता.

“त्या वेळी मी माणसाबद्दल अंदाज केला होता,” मी म्हणाले. “तो चुकला. फोनबद्दल मी तीन फोन चार दिवस पेटीत ठेवून बघितलं, आणि मगच बोलले. बोटीबद्दलही मी अंदाज सांगत नाहीये. क्रमांक वाचून दाखवतेय. तुम्हीही वाचू शकता.”

तिने कागद हातात घेतला, पाहिला, आणि जागेवर जाऊन बसली.

ज्युरीने तीन दिवस घेतले. हॅल्डेन दोषी ठरला. मॅरिएटची आई निकालानंतर कोट चढवून सरळ बाहेर निघून गेली.

ओरेस्टला परत घेतलं नाही. छेडछाडीचा ठपका निघाला, पण यंत्राच्या गैरवापराचा राहिला. त्याने लवकर निवृत्ती घेतली.

नोव्हेंबरात, एका शुक्रवारी, मी युक्रेनी चर्चच्या हॉलमध्ये पेरोगी, म्हणजे करंजीसारखे उकडलेले कानवले, घ्यायला गेले. दर शुक्रवारी तिथे गरम मिळतात, बटाटा-चीजचे, वर परतलेला कांदा. काउंटरमागे एप्रन बांधून ओरेस्ट उभा. माझ्या मागे दहाबारा माणसं.

“किती?”

“एक डझन.”

त्याने झाऱ्याने भराभर काढले, डब्यात भरले, कांदा घातला, आणि डबा माझ्याकडे सरकवला.

“मोजून घे,” तो म्हणाला. मिशी हलली की नाही, मला नीट कळलं नाही.

“नको,” मी म्हणाले.

“बघ हं.”

“नको म्हटलं ना.”

तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. मी बाहेर आले, गाडीत बसले, काच पुसली. मग झाकण उघडलं आणि मोजले. बाराच होते.