सलूनमधलं सावधान

सलूनवाल्या अण्णांची देशभक्ती मोजायची पट्टी एकच. सकाळी रेडिओवर राष्ट्रगीत लागलं की जो ताडकन उठेल तो आपला, बसून राहील तो बाद. मग गालाला साबण असो की अर्धं डोकं भादरलेलं असो! एका वकिलाला तर त्यांनी अर्ध्या दाढीनिशी घरी पिटाळलं होतं.

आणि आज नेमके पोस्टमास्तर बसून राहिले. बसून कसले, खुर्चीत मान मागे टाकून चक्क आडवे! हे अण्णांच्या लेकीचे होणारे सासरे. पोरांनी एकमेकांना पसंत केलेलं, संध्याकाळी लग्नाची तारीख ठरायची, म्हणून दाढी करायला आले होते. राष्ट्रगीत सुरू झालं तसे अण्णा जागच्या जागी ताठ झाले, डोळे मिटले, नेहमीसारखा ऊर भरून आला. संपल्यावर डोळे उघडून बघतात तो काय, हा माणूस तसाच! अण्णांचं डोकंच फिरलं. पण पडलं गिऱ्हाईक, त्यातून व्याही. उरलेली दाढी उरकली, गळ्यावर जरासं कापलं होतं तिथे तुरटी फिरवली आणि बोळवण केली.

"हे लग्न होणार नाही," दुपारी घरी येऊन त्यांनी जाहीर केलं. "दाढीला बसलेला माणूस राष्ट्रगीताला उठला नाही! ज्याला देशाची चाड नाही, त्याच्या घरात माझी पोर जाणार नाही."

लेक भडकलीच. "अण्णा, तुम्ही कसे उभे होतात ते सांगा आधी."

"कसा म्हणजे? सावधान! दाढी करता करता लागलं, तसाच थांबलो. बोटसुद्धा हलवलं नाही."

तिने खुर्ची ओढली, त्यांच्यापुढे बसली आणि मान मागे टाकली. "दाखवा."

अण्णांनी डावा हात तिच्या कपाळावर ठेवला, उजवा हनुवटीखाली नेला आणि ताठ झाले.

"आता मी उठू?"

अण्णांनी खाली पाहिलं. त्यांची मूठ तिच्या गळ्याला टेकली होती. मुठीत वस्तरा नव्हता, एवढंच. ऊर भरून आला की त्यांचा हात थरथरतो, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तुरटी लावलेली ती जखम त्यांना आठवली. गळ्यावर रक्त आलं तरी राष्ट्रगीत संपेपर्यंत त्या माणसाने हूं की चूं केलं नव्हतं. अण्णांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"चपला कुठायत माझ्या?" ते कसेबसे म्हणाले. "व्याह्यांचे पाय धरून येतो."

लेकीने चपला आणून पुढ्यात ठेवल्या. "पायच धरा, अण्णा. गळ्यापासून हात लांब ठेवा."