तीन शब्द माझ्याकडे

मी डायरी आहे, वही आहे, पुस्तक आहे की नुसता किल्ल्यांचा जुडगा, हे मला अजून नीट उमगलेलं नाही. ज्यांच्या घरात राहते त्यांनाही ते ठाऊक असेल असं वाटत नाही. तरी बोलते. माझी पानं आता फार उरली नाहीत, आणि जे पाहिलं त्याचा अर्थ मला एकटीला लागत नाही.

एका छत्रीच्या दुकानाने नव्या वर्षाची भेट म्हणून आम्हां हजारभर जणींना छापून घेतलं. तांबडं रेक्झिनचं कव्हर, वर सोनेरी छत्री. केरळातल्या इरिंजालकुड्याचे शंकुण्णी, वीज कार्यालयातले निवृत्त कारकून, दुरुस्तीला टाकलेली छत्री आणायला गेले आणि मला काखेत मारून घरी आले. मला वाटलं, आता रोज काहीतरी लिहितील, पावसापाण्याचं, माणसांचं. त्यांनी पहिल्या पानावर वीजबिलाचा पासवर्ड लिहिला. दुसऱ्यावर गॅसचा. तिसऱ्यावर पेन्शनचा.

तिन्ही एकच होते, घराचं नाव आणि घर बांधल्याचं साल. या दोन्ही गोष्टी फाटकावरच्या पाटीवर ठसठशीत कोरलेल्या. म्हणजे जे रस्त्यावरचा कोणीही वाचू शकतो ते मी कपाटात, कपड्यांच्या घडीखाली, छातीशी धरून बसायचं. हे असं का, ते तेव्हाही मला कळलं नाही.

शंकुण्णी गेले आणि मी त्यांच्या पत्नीकडे आले. विलासिनी टीचर. बत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेलं, दर उन्हाळ्यात बोर्डाचे पेपर तपासलेले. गाव त्यांना अजून टीचरच म्हणतो. त्यांनी माझ्या पानांवर रेघा आखल्या, विषयवार रकाने पाडले, नवऱ्याच्या अक्षराला मात्र हात लावला नाही. त्यांनी भरलेल्या त्या अकरा पानांवरून कधी कधी नुसतंच बोट फिरवायच्या.

मग बिंदुजा परत आली. टीचरची एकुलती एक मुलगी, नर्स. मस्कतच्या इस्पितळातला करार संपला होता, आणि आता आयर्लंडच्या जागेसाठी तिने अर्ज टाकला होता. तिने मला पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"अम्मा, सगळे पासवर्ड वहीत? उद्या कोणी उचलून नेली तर?"

"छत्रीवाल्याची फुकट डायरी कोण उचलेल ग?"

"हल्ली पासवर्ड मॅनेजर असतो. एक तिजोरी समज. फोनमध्ये बसते, सगळे पासवर्ड आपणच ठेवते. तू लक्षात ठेवायची ती फक्त तिची एक किल्ली."

टीचरनी ऐकून घेतलं. पण न तपासता कोणाला पास करणं त्यांच्या स्वभावात नाही. तीन तिजोऱ्या फोनवर आल्या आणि त्यांची परीक्षा सुरू झाली. ती कुठे? तर माझ्याच मागच्या पानांवर, लाल शाईने! माझी जागा कोणी घ्यायची, याचे गुण माझ्याच अंगावर. मी हसावं की रडावं?

प्रश्न मात्र टीचरचेच. रेंज नसताना उघडते का? (आमच्या घरात रेंज फक्त विहिरीपाशी येते.) फोन आणि कॉम्प्युटर दोन्हीवर चालते का? कंपनी बंद पडली तर माझं सामान मला परत मिळेल का? मी गेले तर बिंदुजाला उघडता येईल का? शेवटचा प्रश्न होता, किल्ली विसरले तर?

पहिलीचं रेंजपायी घोडं अडलं. दुसरी दर दोन मिनिटांनी वर्गणी मागायची. तिसरी बरी निघाली, पण शेवटच्या प्रश्नाला तिच्या कंपनीने कळवलं की किल्ली विसरलात तर आम्हीही काही करू शकत नाही, कारण ती आम्हालाच माहीत नसते.

"आपल्याच तिजोरीची किल्ली ह्यांना माहीत नाही," टीचर म्हणाल्या, "आणि वर तोंड करून सांगतात!"

"अम्मा, तेच तर चांगलं. मग चोरालाही ती त्यांच्याकडून मिळत नाही."

टीचरनी बराच वेळ पेन हातात धरलं. मग त्या रकान्यात शून्य घातलं. बाकीचे गुण मिळवून तिसरी पास झाली. महिनाभर वापरून पाहायची, पटली तर कायमची ठेवायची आणि मला मागच्या अंगणातल्या चुलीत घालायचं, असं दोघींचं ठरलं. माझ्यासमोरच ठरलं.

तिजोरी एकच, दोघींची मिळून, टीचरच्या फोनवर. बिंदुजाने आपलंही सगळं तिच्यात टाकलं आणि हौसेने सगळे पासवर्ड बदलून टाकले. नवे पासवर्ड म्हणजे वीस वीस अक्षरांचा कचरा, उच्चारताही येणार नाही असा. किल्ली म्हणून एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द घ्यायचे आणि ते कुठेही लिहायचे नाहीत, असा नियम होता. शब्द टीचरनी निवडले, आणि नियम म्हणजे नियम म्हणून बिंदुजालाही सांगितले नाहीत.

बिंदुजा अंघोळीला गेली तशी टीचरनी मला उघडलं. "न लिहिलेलं कधी राहिलंय का?" असं पुटपुटत शेवटच्या पानावर त्यांनी तीन शब्द लिहिले. चौथा लिहिला नाही. नियम अगदीच मोडायला नको म्हणून तो डोक्यात ठेवला. मी चक्रावलेच. ज्या तिजोरीमुळे मी चुलीत जाणार, तिची किल्ली माझ्याच पोटात!

पंधरा दिवस बरे गेले. तिजोरी टीचरच्या अंगठ्याने उघडायची. मग नवरात्रातली अष्टमी आली.

आमच्याकडे अष्टमीच्या संध्याकाळी घरातली पुस्तकं सरस्वतीपुढे पूजेला ठेवतात. दशमीच्या सकाळी पूजा उचलेपर्यंत वाचायचं नाही, लिहायचं नाही. टीचरनी पाट मांडला, समई लावली, पोहे-गूळ आणि केळी ठेवली. रामायण आलं, शब्दकोश आला, गणिताची जुनी पुस्तकं आली. सगळ्यांत शेवटी त्यांनी मला कपाटातून काढलं. त्यांचा हात क्षणभर थांबला. मग मला रामायणाखाली सरकवून त्यांनी सगळ्यांवर कसवाचं, म्हणजे सोनेरी काठाचं, वस्त्र गुंडाळलं आणि गाठ मारली.

मला कोण आनंद झाला! पहिल्यांदा कोणी मला पुस्तक म्हटलं होतं. पण तो हात का थांबला? याच आठवड्यात आयर्लंडचं उत्तर येणार, हे टीचरना माहीत होतं. त्यांनी मला सवयीने ठेवलं की जाणून, हे मला तेव्हा कळलं नाही आणि आजही कळत नाही.

नवमीला सकाळी बिंदुजा विहिरीपासून ओरडतच आत आली. "अम्मा, जागा मिळाली! गॉलवेचं इस्पितळ! आज पाचच्या आत त्यांच्या साइटवर होकार नोंदवायचा, नाहीतर यादीतल्या पुढच्या नावाला जाणार."

साइटचा पासवर्ड तिजोरीतच, म्हणून टीचरनी अंगठा लावला. तिजोरी म्हणाली, पंधरा दिवस झाले, आता पूर्ण किल्ली द्या.

"काय होते ग ते शब्द?" टीचरनी डोळे मिटले. "एक नक्की आठवतोय. बाकीचे तीन..."

त्यांनी तीन अंदाज केले. तिन्ही चुकले आणि तिजोरीने तासभर तोंड मिटून घेतलं. इस्पितळाच्या साइटवरून नवा पासवर्ड मागावा, तर तो जाणार मस्कतच्या जुन्या नंबरवर, आणि तो कधीच बंद झालेला. नोकरी लावून देणाऱ्या कोचीच्या एजन्सीला फोन लावला, तर पूजेची सुट्टी.

"कुठे लिहिलं नाहीस ना?" बिंदुजा म्हणाली. मग आईचा चेहरा बघून म्हणाली, "लिहिलंयस. कुठे?"

"लाल वहीत."

"आणि वही?"

टीचरनी समईकडे पाहिलं.

बिंदुजाने घड्याळाकडे पाहिलं. तेवढ्यात शेजारच्या रोझिली, शिवणकाम करणाऱ्या, चपला वाजवत आल्या. त्यांना पूजेचे पोहे हवे असतात दरवर्षी. सगळं ऐकल्यावर त्या म्हणाल्या, "एवढंच ना? सरका. मी सोडते गाठ, मीच वाचते. आम्हां चर्चवाल्यांना तुमची नवमी थोडीच लागते? तुम्ही फक्त ऐका, टीचर. ऐकायला तर बंदी नाही?"

"पुस्तक माझं आहे, रोझिली."

"पुस्तक कसलं, डायरी आहे ती! आणि सकाळपासून तुमची चार सुप्रभातं आलीत माझ्या फोनवर. ते लिहिणं-वाचणं नव्हे वाटतं?"

"ते वाचणं नव्हे. ते नुसतं बघणं."

रोझिलींनी बिंदुजाकडे पाहिलं आणि पोह्यांची मूठ तोंडात टाकली. वस्त्राखाली माझा मात्र गोंधळ उडाला होता. मी पुस्तक असेन तर मला उघडायचं नाही, आणि उघडलं तर मी पुस्तक नव्हेच. पहिल्यांदा मिळालेला मान जाणार म्हणून वाईट वाटत होतं, आणि त्या पोरीसाठी तो जावा असंही वाटत होतं.

घड्याळात साडेतीन वाजले. बिंदुजा हळूच म्हणाली, "अम्मा, खरं सांग. मी जाऊ नये असं वाटतं का तुला?"

टीचरनी हातातला फोन खाली ठेवला. मग म्हणाल्या, "वाटतं. का नाही वाटणार? तुझे बाबा गेल्यावर ह्या घरात तू आल्यापासूनचे हे आठ महिनेच काय ते दोन ताटं वाढली मी. तू जाऊ नयेस असं रोज वाटतं."

बिंदुजा रडायला लागली. रोझिलींचं चघळणं थांबलं.

"पण म्हणून तुझी वाट अडवेन, इतकी वाईट शिक्षिका नाही मी." टीचर उठल्या, पाय धुऊन आल्या, समईपुढे वाकल्या. रोझिली पुढे झाल्या तसं त्यांना हाताने थांबवलं. "पाप लागायचंच तर मला लागू दे. पाठवायचीय ती मलाच."

साठ वर्षांत त्यांनी नवमीला पान उलटलं नव्हतं. त्यांनी गाठ सोडली, वस्त्र बाजूला केलं. त्यांनी मला रामायणाखालून काढलं, शेवटचं पान उघडलं, तीन शब्द मोठ्याने वाचले आणि चौथा आपल्या डोक्यातून घातला. तिजोरी उघडली. चारला दहा कमी असताना होकार गेला.

दशमीला टीचरनी ताटातल्या तांदळात बोटाने हरिश्री, म्हणजे आमचा श्रीगणेशा, लिहिली आणि सरस्वतीची माफी मागितली. मिळाली असावी, कारण नंतर त्यांनी दोन वेळा चहा घेतला.

जानेवारीत बिंदुजा गेली. जाण्याआधी तिने माझी पासवर्डची पानं फाडून चुलीत घातली. शंकुण्णींची अकरा पानं टीचरनी आधीच काढून रामायणात ठेवली होती. मग बिंदुजाने किल्ली बदलली.

"चार नवे शब्द. तीन तू वहीत लिही. चौथा माझ्याकडे. तू इथे एकटी असताना कोणी लबाडाने फोन करून घोळात घेतलं, तरी पुरी किल्ली तुझ्या तोंडून जाणार नाही. तिजोरीने विचारलं की मला फोन कर."

म्हणून मी वाचले. आता माझं कव्हर आहे, गुणांची पानं आहेत आणि ते शेवटचं पान. दर पंधरवड्याला तिजोरी किल्ली मागते. टीचर मला उघडतात, तीन शब्द घालतात आणि गॉलवेला फोन लावतात.

"चौथा शब्द काय ग?"

"अम्मा! पुन्हा विसरलीस?"

"वय झालं माझं. सांग लवकर."

शब्द सांगायला एक क्षण लागतो. त्यानंतर अर्धा तास तिकडच्या थंडीचं, इकडच्या फणसाचं, तिने भात खाल्ला की ब्रेडवरच भागवलं याचं चालतं. टीचर तो शब्द लिहीत नाहीत, पण घालताना मोठ्याने म्हणतात, त्यामुळे मलाही पाठ झालाय. तुम्हाला सांगणार नाही, तेवढी जबाबदारी मला कळते.

पण ज्या बाईंना अडतीस वर्षांपूर्वीच्या वर्गाची हजेरी क्रमाने म्हणता येते, त्यांना एक शब्द आठवू नये?

गेल्या महिन्यात वीजबिलाचा शेवटचा दिवस होता आणि तिजोरीने नेमकी तेव्हाच किल्ली मागितली. बिंदुजा कामावर होती, फोन लागेना. टीचरनी मला उघडलं, तीन शब्द घातले. मग इकडेतिकडे पाहिलं आणि चौथाही घातला, न अडखळता. बिल भरलं. तिजोरी पुन्हा बंद केली. संध्याकाळी फोन लागला तेव्हा चष्मा पुसत म्हणाल्या, "चौथा शब्द काय ग?"

फोन ठेवल्यावर त्यांनी लाल पेन काढलं आणि माझी गुणांची पानं उघडली. 'किल्ली विसरले तर?' या प्रश्नापुढचं शून्य खोडलं आणि दहापैकी दहा घातले.

मला काही कळलं नाही. तुम्हाला कळलं असेल, तर माझं एवढंच मागणं आहे की बिंदुजाला सांगू नका.