शंख वाजेपर्यंत

मुराओने केसांचा लांब टोप खोक्यात ठेवला, झाकण लावलं आणि खोकं नामिएच्या पुढ्यात सरकवलं.

"घ्या. इतकी वर्षं ओताए मी झालो, आता तुम्ही व्हा. तुम्हाला टोप लागायचा नाही म्हणा."

"मिशी लागेल का?" नामिएने विचारलं.

तंबूत हशा पिकला. मुराओ बँकेतला माणूस. मिशी काढायला तो कधी कबूल झाला नव्हता. त्यामुळे हिगाकी किल्ल्याचं दार एकटीने राखणारी शूर ओताए दर नोव्हेंबरच्या जत्रेत तोंडाला फडकं बांधून लढायची.

सोनोबे मात्र हसले नाहीत. ते खाली बसून नामिएच्या कपड्याची शिवण बोटांनी तपासत होते. जुनी लढाई दरवर्षी हुबेहूब उभी करणाऱ्या या मंडळाचे ते प्रमुख. उभा जन्म स्टेशनमास्तरकीत गेलेला, त्यामुळे वेळ असो की इतिहास, तसूभर हललेला त्यांना खपत नसे. त्या काळी नव्हतं असं काही अंगावर दिसलं की माणूस मैदानाबाहेर. शिवणीत त्यांना काही सापडलं नाही. सापडणार कसं? कापूस नामिएच्या परसातला, सूत तिच्या चरख्यावरचं आणि टाकाही तिच्याच हातचा.

"चष्मा," ते उठत म्हणाले.

तिने चष्मा काढून दिला. याच चष्म्यावरून मागच्या हिवाळ्यातल्या बैठकीत ठिणगी पडली होती. नामिए तेव्हा छावणीत चरख्याशी बसायची. लोक फोटो काढायचे आणि पुढे जायचे. दारावरची ओताए मला होऊ द्या, असं ती दरवर्षी म्हणायची आणि दरवर्षी सोनोबे म्हणायचे, बाईमाणसाला लागेल, धोक्याचं आहे. त्या दिवशी तिचा संयम सुटला.

"त्या काळी चष्मा नव्हता म्हणून माझा काढायला लावता. मग ओताएला मिशी होती का हो?"

पुढच्या तीन बैठका सोनोबेंनी नुसत्या चहावर निभावल्या आणि शेवटी अट घातली. शंख वाजेपर्यंत दार राखायचं. त्याआधी पडलात तर परत चरख्याशी, आणि हा विषय पुन्हा काढायचा नाही. नामिएने जागच्या जागी मान डोलावली.

लढाईचा शेवट सव्वाचारशे वर्षांपूर्वीच ठरलेला आहे. हिगाकी पडतो. ओताए मरते. पण किल्ल्यातलं शेवटचं मूल मागच्या ओढ्यापार जाईपर्यंत ती शत्रूला दारातून आत येऊ देत नाही. मूल पार झालं की शंख वाजतो, मग ती पडते. मधली झुंज मात्र खरी. बांबूच्या हत्यारांना कातडी खोळ असते आणि तीन वार लागले की माणूस मेला. मुराओच्या वेळी ही अडचण नव्हती, कारण नदीपलीकडच्या गावचे काजितानी, म्हणजे शत्रूचे सरदार, आणि तो दोघं आदल्या संध्याकाळी दारूच्या दुकानात बसून सगळं ठरवून टाकत.

काजितानी पोलिसांना तलवारबाजी शिकवायचे. तंबूपाशी येऊन त्यांनी नामिएला आडनावाने हाक मारत अदबीने नमस्कार केला.

"घाबरू नका, ओगिवारा-सान. मी जपून मारीन."

"जपून मारायचं असेल तर घरी बसा," नामिए म्हणाली.

बोलली आणि तिलाच वाटलं, हे जरा जास्त झालं. पण शब्द गेला तो गेला. काजितानींनी तिच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि कमरेचा पट्टा आवळला.

ओताएचं हत्यार म्हणजे नागिनाता, लांब दांड्याचं पातं. नामिए ते मुलींच्या शाळेत शिकली होती. मग संसारात विसरली. दोन वर्षांपूर्वी कपडे वाळत घालायचा बांबू घेऊन तिने परसात कापसाच्या ओळींमधून पुन्हा हात चालवायला सुरुवात केली. शेजारणी म्हणाल्या, साठी बुद्धी नाठी. जागा अरुंद, दोन्हीकडे पिकलेली बोंडं. बांबूचं टोक सगळ्या जोराने आणायचं आणि बोंडाशी थांबवायचं, नाहीतर वर्षाचं सूत मातीत. पहिल्या वर्षी बराच कापूस मातीत गेला. दुसऱ्या वर्षी एकही बोंड पडलं नाही.

ढोल वाजला. किल्ल्याचे शिपाई भराभरा मरत गेले. मुराओ यंदा साधा शिपाई होता. तो दाराजवळच पडला, सोय बघून, गवताच्या भाऱ्याला टेकून. मेलेल्याने लढाई संपेपर्यंत हलायचं नाही, नाकावर माशी बसली तरी, असा सोनोबेंचा नियम होता.

काजितानी पुढे आले. त्यांचा पहिला वार खांद्यावर बसला तेव्हा नामिएला कळलं की हा माणूस खरंच जपून मारणार नाही. तिला बरं वाटलं. दुसरा वार मांडीवर. बघ्यांमधून चुकचुकल्याचा आवाज आला.

"धावून जाऊ नका," मेलेला मुराओ ओठ न हलवता पुटपुटला. "त्यांना येऊ द्या."

ते तिला माहीत होतं. सूत ओढलं की तुटतं; हात मागे न्यायचा, सूत आपसूक येतं. ती एक पाऊल मागे सरली. काजितानी आले, आणि तिचं पातं त्यांच्या मनगटावर वाजलं. पुन्हा मागे सरली. ते पुन्हा आले. आता बरगडीवर. दोनास दोन.

लोक ओरडायला लागले आणि नामिएच्या लक्षात आलं की आपण चांगल्याच पेचात सापडलो. तिसरा वार खायचा नाही, कारण शंख वाजलेला नाही. तिसरा वार मारायचाही नाही, कारण काजितानी मेले तर हिगाकी पडणार कसा?

मग तिने तेच केलं जे परसात करत होती. पातं घोंघावत काजितानींच्या गळ्याशी आलं आणि बोटभर अंतरावर थांबलं. ते चमकून मागे झाले. पुन्हा आलं, कानाशी थांबलं. पुन्हा, कपाळाशी. बघे टाचा उंचावून पाहू लागले. ही बाई काय करते आहे ते आता पोराटोरांनाही कळत होतं.

पोरांनाच जास्त कळत होतं. किल्ल्यातली मुलं म्हणून ओढ्यातल्या दगडांवरून बालवाडीची रांग चालली होती. सगळ्यात पुढची, आखूड वेण्यांची एक मुलगी मधल्या दगडावर थांबली, वळली आणि बघत उभी राहिली. तिच्यामागे अख्खी रांग अडली. इतकी वर्षं मुराओची लढाई पाहायला एकही मूल थांबलं नव्हतं.

"ओताए, हाण त्याला!" ती मुलगी ओरडली. मग सगळी ओरडायला लागली. बालवाडीच्या बाई हात जोडून विनवत होत्या, चला रे, चला.

काजितानींना धाप लागली होती. "ओगिवारा-सान," ते दबक्या आवाजात म्हणाले, "पडा की आता."

"शंख कुठे वाजलाय?"

"अहो, पोरं हलत नाहीयेत!"

"मग मी तरी कशी हलू?"

दारावरच्या माचीवर शंखवाल्याने सोनोबेंना काहीतरी विचारलं. लाऊडस्पीकर चालू राहिला होता, सगळ्या मैदानाने ऐकलं.

"वाजवू का? वेळ कधीच टळून गेली."

"शेवटचं मूल पार झालं?"

"नाही."

"मग नाही," सोनोबे म्हणाले.

नामिएचे दंड भरून आले होते. घाम डोळ्यांत उतरत होता, आणि चष्मा नसल्याने काजितानी एक काळी आकृती तेवढी दिसत होते. पण पाय दारातून हलले नाहीत. आयुष्यात इतका आनंद तिला क्वचित झाला होता. काजितानी आले की ती त्यांना परतवत होती. शेवटी बालवाडीच्या बाईंनी वेण्यांच्या मुलीला काखोटीला मारलं, रांग सुटली आणि शेवटचा मुलगा पलीकडच्या काठावर चढला.

शंख वाजला.

काजितानींनी तलवार उचलली, पण त्यांच्याने ती मारवेना. टोक तिच्या कमरेला जेमतेम टेकलं. नामिए म्हणाली, "आभारी आहे," आणि गवतावर आडवी झाली.

आता शत्रूने आरडाओरडा करत दारातून घुसायचं असतं. ते आले, पण चालत. तिच्याजवळ येऊन प्रत्येकाने शिरस्त्राण काढलं आणि वळसा घालून पुढे गेला. असं त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. डोळे मिटून पडलेल्या नामिएला फक्त पायांचा आवाज मंद होताना ऐकू आला.

तेवढ्यात ओढ्यापलीकडून एक हंबरडा फुटला. वेण्यांची मुलगी. "ओताए मेली!" पाठोपाठ सगळी बालवाडी रडू लागली. बाईंच्या समजावण्याचा उपयोग होईना. नामिए मात्र हलली नाही.

मग गवतावर जवळ येणारी पावलं वाजली आणि थांबली.

"उठा," सोनोबे म्हणाले.

"मेलेलं माणूस उठत नाही, सोनोबे-सान. नियम तुमचाच."

पलीकडे पोरं रडत होती. मग कपड्यांची सळसळ झाली. नामिएने एक डोळा किलकिला केला. सोनोबे तिच्यासमोर गवतात गुडघे टेकून बसले होते, पाठ ताठ, दोन्ही तळवे जमिनीवर. स्टेशनमास्तरांची मान खाली गेली, पार गवतापर्यंत.

"ओताए-सामा," ते सरदारघराण्यातल्या बाईला म्हणावं तसं म्हणाले, "सगळी मुलं पार झाली. उठा आता."

ती उठून बसली. सोनोबेंनी हात पुढे केला, तिने तो धरला आणि उभी राहिली. ओढ्यापलीकडे एकच गलका झाला. मुलं उड्या मारत होती, इकडे लोक टाळ्या वाजवत होते आणि काजितानी सगळ्यांत जोरात.

"ओगिवारा-सान," गवताच्या भाऱ्यापाशी मुराओने डोकं वर काढलं, "मला चरखा शिकवाल का? पुढच्या वर्षी ती जागा रिकामीच असणार."

"मुराओ," सोनोबे मागे न बघता म्हणाले, "तुम्ही पडून राहा. तुम्हाला कोणी उठायला सांगितलं?"