चार शिल्लक काडतुसं

अस्वलासाठी कुठलं हत्यार घ्यावं हे विचारायला लोक माझ्याकडे लांबून येतात. मी स्वतः मात्र तीस वर्षांत एकाही अस्वलावर गोळी झाडलेली नाही. अलास्काच्या या बेटावर माणसं नऊशे आणि अस्वलं त्याहून जास्त, तरी माझ्या वाट्याला दुरून हुंगून निघून जाणारीच आली. गावातले लोक मला तोंडावर उंटावरचा शहाणा म्हणतात आणि मग माझ्याकडूनच पिस्तूल घेतात.

माझा नियम साधा आहे. माझ्या हत्यारांच्या दुकानामागे उतार आहे. त्याच्या वरच्या टोकाला ट्रकचं जुनं टायर दोरीने बांधलेलं असतं आणि त्याच्या पोकळीत पुठ्ठा ठोकलेला असतो. गिऱ्हाइकाने पावसाळी कोट घालायचा, पाठीवर ओझं घ्यायचं, हातमोजे ओले करायचे. मी दोरी सोडली की टायर गडगडत त्याच्या अंगावर येतं. ते पोचायच्या आत हत्यार बाहेर काढून पुठ्ठ्याला भोक पाडायचं. त्यानंतर, जंगलात जी काडतुसं न्यायची तीच पूर्ण चक्रभर, म्हणजे हत्यारात मावतील तेवढी सगळी, झाडून दाखवायची. सरावाची हलकी काडतुसं चालणार नाहीत. हे केल्याशिवाय मी अस्वलासाठी हत्यार विकत नाही.

मागच्या आठवड्यात टेक्सासचा एक जण आला होता. त्याला दुकानातलं सगळ्यांत मोठं रिव्हॉल्व्हर हवं होतं. टायर त्याच्या गुडघ्याला लागून पुढे गेलं, तेव्हा त्याचा हात अजून कोटाच्या चेनशी झटापट करत होता.

"अस्वल जेवून गेलं," मी म्हणालो.

"कोट नसता तर जमलं असतं," तो म्हणाला.

"मग ऊन पडेल त्या दिवशी जंगलात जा. वर्षातून दोनदा पडतं."

त्याला मी मिरचीच्या फवाऱ्याचे दोन डबे दिले आणि वाटेला लावलं.

जूनच्या पहिल्या सोमवारी अर्डिस आली. अर्डिस म्हणजे ऑर्विलची बायको. ऑर्विल बावीस वर्षं मत्स्य खात्यासाठी ओढ्यांतून चालत सामन मासे मोजायचा आणि ती घरी बसून त्याचे आकडे कागदावर उतरवायची. गेल्या ऑगस्टमध्ये पिल्लं असलेल्या अस्वलिणीने त्याला ओढ्यात गाठलं. डावा डोळा गेला, उजव्या हाताची पकड गेली. जीव वाचला तो केवळ अस्वलीणच कंटाळली म्हणून. पोलिसांनी त्याचं रिव्हॉल्व्हर पाण्यातून उचललं तेव्हा दोन बार झालेले होते आणि चार काडतुसं चक्रात तशीच होती. अंगावर अस्वल बसलेलं असताना माणसाने चार गोळ्या शिल्लक ठेवल्या, याचा अर्थ गावाने लगेच लावला. ऑर्विलचे हातपाय गळाले. गोदीवर त्याला आता 'चार-शिल्लक' म्हणतात. मी तसं कधी म्हणालो नाही, पण म्हणणाऱ्याला थांबवलंही नाही.

अर्डिसने टॉवेलात गुंडाळलेलं तेच रिव्हॉल्व्हर माझ्यापुढे ठेवलं.

"हे घे आणि मला दुसरं दे. यंदा ओढ्यांतून मी चालणार आहे."

"तू? अगं, तुझं मनगट दोनदा मोडलंय."

"मनगटाने चालत नाहीत, लेलंड. कुणीतरी चालायलाच हवं. तो घरात बसून भिंत मोजतोय. मी ओढ्यावर जाऊन परत आले, रोज आले, तर कदाचित उठेल. नाहीतर पुढच्या हिवाळ्यापर्यंत माझ्या हाती काही उरणार नाही." हे सगळं तिने पिठाचा भाव सांगावा तसं सांगितलं. "मला असं हत्यार दे, की हातपाय गळाले तरी चालेल. आमच्या घरात गळतात आता."

"हे उघड बोलतेस."

"त्याच्यासमोरही बोलते. वर म्हणते, असू दे रे, कुणाचेही गळाले असते. मी काही रागावलेली नाही त्याच्यावर."

मी तिला आधी पोलादी रिव्हॉल्व्हर दिलं. पहिल्याच बाराला नळी आभाळाकडे गेली आणि तिने मनगट मांडीवर दाबून धरलं. दुसरं दिलं दहा मिलिमीटरचं पिस्तूल. हातात रुंद बसतं, धक्का सोसवेल इतकाच, आणि पंधरा गोळ्या. छातीवर आडव्या पट्ट्यात अडकवलं की कोटाची चेन अर्धी उघडी ठेवून हात सरळ जातो. टायर सोडलं. पहिल्या वेळी ती नुसती बाजूला झाली. दुसऱ्या वेळी एक गोळी जमिनीत गेली. चौथ्या वेळी पुठ्ठ्यात तीन भोकं पडली आणि टायर तिच्या बुटाला लागून आडवं झालं.

"झालं?" तिने धापा टाकत विचारलं.

"नाही. जी जंगलात नेशील त्याच गोळ्या. पंधराच्या पंधरा."

"हात गेला की रे माझा! ऑर्विलला तर नव्हतं असलं काही करायला लावलंस."

"ऑर्विल इथलाच होता."

"मी काय चंद्रावरची?"

मी गोळ्यांचा डबा तिच्यापुढे धरला. तिने पंधराही झाडल्या. शेवटच्या पाच झाडताना तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण एकही थांबवली नाही.

जाताना तिने टॉवेलातून एक प्लॅस्टिकची पिशवी काढली. "पोलिसांनी दिलेली. त्याची ती चार. कपाटात बघवत नाहीत मला. फेकून दे." मग दारातून वळून म्हणाली, "त्या हत्यारात चिखल गेला होता. चक्र उघडेना, त्यांनी लाकडी हातोडीने ठोकून उघडलं. विकायच्या आधी साफ कर."

ती गेल्यावर पिशवी कचऱ्यात टाकायला मी हात लांबवला, आणि सवयीने एकदा उजेडाकडे धरली. त्या चारही काडतुसांच्या बुडाला लाल रंग होता. लाल रंग मी लावतो. मागच्या खोलीत मी स्वतःच्या हाताने जी जड काडतुसं भरतो, ती ओळखू यावीत म्हणून. फळीवरून त्याच खेपेतलं एक घेऊन शेजारी उभं केलं. पिशवीतली तीन किंचित उंच होती. चौथं तांदळाच्या दाण्याएवढं जास्त उंच होतं, आणि त्याच्या शिशाच्या टोकावर एक चकचकीत ओरखडा होता.

आता खोटं सांगून उपयोग नाही.

झालं काय ते एवढंच. ऑर्विलला दिवसभर छातीवर ओझं नको होतं म्हणून त्याने पिसासारखं हलकं रिव्हॉल्व्हर निवडलं, आणि अस्वलासाठी म्हणून मी त्याला माझी सगळ्यांत जड काडतुसं दिली. जड हत्यार असतं तर धक्का पोलादात जिरला असता. हलक्या हत्यारात तो मागे राहिलेल्या काडतुसांना बसतो. दरेक बाराला त्यांच्यातलं शिसं कणाकणाने पुढे सरकतं, आणि एखादं चक्राच्या बाहेर डोकं काढून समोरच्या चौकटीला अडतं. मग चक्र फिरत नाही, चाप कितीही ओढला तरी. दोन्ही गोष्टी आपापल्या जागी ठीक होत्या, एकत्र मात्र द्यायला नको होत्या. हे मला माहीत होतं. म्हणून तर माझा नियम, की तीच काडतुसं, पूर्ण चक्रभर. टेक्सासवाल्याला मी सहाही झाडायला लावली असती. ऑर्विल मात्र माझ्यासोबत शाळेत होता, पाऊस पडत होता, त्याने हलक्या काडतुसांचे सहा बार काढले, सहाही टायरात गेले, आणि मी म्हणालो, "तुला काय शिकवायचं?"

आमच्या बेटावर हीच खोड आहे. बाहेरच्याला आम्ही सगळं तपासायला लावतो आणि आपल्या माणसाला काही विचारणं म्हणजे त्याचा अपमान समजतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते हलकं रिव्हॉल्व्हर साफ केलं, तेल दिलं, त्यात माझी सहा लाल काडतुसं भरली आणि मागे गेलो. पहिला बार झाला, दुसरा झाला. तिसऱ्याला चाप दगड झाला. मी दोन्ही हातांनी ओढला, मग बोट सोलवटेपर्यंत ओढला. समोर फक्त टायर होतं, तेही दोरीला बांधलेलं, तरी मला घाम फुटला.

गावात हे कुणाला कधीच कळलं नसतं. पिशवी माझ्याकडे, काडतुसं माझी, आणि साक्षीदार कुणी नाही. हे मी दहापर्यंत मोजता येईल इतका वेळ मनात घोळवलं. मग फळीवरची उरलेली लाल काडतुसं पाण्याच्या बादलीत ओतली आणि ऑर्विलच्या घरी निघालो.

तो स्वयंपाकघरात टेबलाशी बसला होता. समोर कडक बिस्किटं आणि बेरीचा मुरंबा, डाव्या हाताने सुरी धरून मुरंबा लावायची खटपट चाललेली. अर्डिस मोरीशी भांडी घासत होती. तिचे नवे बूट दाराशी तयार होते.

"काय रे, उंटावरच्या," ऑर्विल म्हणाला. "तिला तोफ विकलीस म्हणे."

मी बसलो. पिशवीतून चारही काडतुसं काढून टेबलावर ओळीने उभी केली आणि शेजारी एक नवं.

त्याने उजव्या डोळ्याने माझ्याकडे बघितलं. "ही कशाला आणलीस? पुरेशी ऐकली मी त्यांच्याबद्दल."

"उंची बघ."

त्याने बघितली. त्याने आयुष्यभर पाण्याखालचे मासे मोजले होते. त्याला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. ओरखडा असलेलं काडतूस उचलून त्याने अंगठ्याने टोक चाचपलं.

"चक्र अडकलं," मी हळूच म्हणालो. "आज सकाळी तेच हत्यार घेऊन बघितलं. दोन बार, आणि तिसऱ्याला अडकलं."

"म्हणजे मी ओढत होतो?"

"चाप हललाच नसता, ऑर्विल. कुणाच्यानेच नसता हलला."

"दहा महिने मी रोज रात्री बोट हलवून बघतोय," तो म्हणाला. "मला आठवायचं की मी ओढत होतो. मग सगळे म्हणायला लागले, आणि मला वाटलं, नसेन ओढत. माणूस स्वतःला बरं वाटेल तेच आठवतो, असं मी स्वतःला समजावलं." त्याने हातातलं काडतूस ओळीत परत ठेवलं. मग मोरीकडे मान वळवली. नळ जोरात चालू होता. "तिला ऐकू गेलं नाही. नळ बंद होऊ दे, आणि पुन्हा सांग. तिला ऐकू जाईल असं."

"ऑर्विल..."

"सगळं सांग."

अर्डिसने नळ बंद केला. "काय सांगायचंय?" तिने टॉवेल शोधत विचारलं.

पहिल्यांदा सांगताना मी फक्त चक्राबद्दल बोललो होतो. आता ते पुरणार नव्हतं.

"माझ्या काडतुसांनी त्याचं चक्र अडकलं," मी म्हणालो. "त्या हलक्या हत्यारात मी ती द्यायला नको होती. माझा नियम मी त्याला लावला नाही. लावला असता तर दुकानामागे, तिसऱ्या बारालाच कळलं असतं. तो शेवटपर्यंत चाप ओढत होता, अर्डिस. त्याचे हातपाय गळाले नव्हते."

टॉवेल तिला सापडला होता, पण ती हात पुसायला विसरली. पाणी कोपरांवरून जमिनीवर टपकत होतं. मला वाटलं ती माझ्या अंगावर येईल. तिने यावं अशी माझी इच्छाही होती.

ती माझ्याकडे वळलीच नाही. तिने ऑर्विलकडे बघितलं.

"दहा महिने," ती म्हणाली, "मी तुला माफ करत होते."