लागलं का?

मी खिळ्यांचा पाट बोलतोय. जरा लांबच बसा. टोचून बोलायची मला सवय आहे आणि आज डोकंही ठिकाणावर नाही.

खरं तर ध्यानाच्या क्लासमध्ये मला सगळे 'बोर्ड' म्हणायचे. पाट हे नाव पुढे, मी ज्यांच्या घरी गेलो त्या मंजुळाबाईंनी ठेवलं. मला पहिल्यांदा बघून त्या म्हणाल्या होत्या, "जेवायचा पाट ठावूक हाय, लग्नातला पाट ठावूक हाय. यो खिळ्यांचा पाट कुनी काढला गो बाय?"

माझा जन्म भाईंदर पूर्वेच्या एका कारखान्याच्या गाळ्यातला. लाकडाच्या दोन फळ्या, एक डाव्या पायाची, एक उजव्या पायाची, आणि दोन्हींवर ओळीनं ठोकलेले खिळे, टोकं वर. ठोकणाऱ्या कारागिराने मालकाला विचारलं, "इस पे खड़ा कौन रहेगा? सज़ा है क्या?" मालक म्हणाला, "नहीं रे, शौक है." कारागीर कितीतरी वेळ हसत होता.

ही शौकवाली माणसं केबिन रोडवर, साड्यांच्या दुकानावरच्या हॉलमध्ये जमायची. शिकवायला अभिनव. आईवडिलांबरोबर मुंबईतून इकडे राहायला आलेला, नोकरी सोडून ध्यानाच्या मागे लागलेला. मुलगा वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. हात धरून एकेकाला माझ्यावर चढवायचा आणि हळू आवाजात म्हणायचा, "श्वास सोडा. दुखतंय तिथेच लक्ष ठेवा." मग काय, "आई गं!", "बाप रे, मर गई!" कुणी हसायचं, कुणी हसता हसता रडायला लागायचं. उतरल्यावर तळव्यांवरच्या लाल ठिपक्यांचे मोबाईलवर फोटो काढायचे. फोटो कसले काढता, तर म्हणे तळव्यांचे! पण एक कबूल करतो, माझ्यावरून उतरलेल्या पुष्कळांचे चेहरे हलके झालेले मी पाहिलेत.

आणि माणसाचा पाय मोठा हुशार असतो बरं का. डोक्याने हलायचं नाही असं कितीही ठरवलं, तरी तो गुपचूप भार इकडचा तिकडे करतो. म्हणूनच माझ्याकडून कधी कुणाला इजा झाली नव्हती.

शेवटी डोळे मिटलेल्या प्रत्येकाला अभिनव एकच प्रश्न विचारायचा, "लागलं का?" म्हणजे ध्यान लागलं का.

मग बाबुराव आले. मुर्धा गावचे, पिढ्यान् पिढ्या मिठागरवाले. तरुणपणी स्वतः मिठात राबलेले. मिठागर गेलं, मुलगे टॉवरमध्ये राहायला गेले, आणि घरात म्हाताऱ्याचं बोलणं कुणी ऐकेनासं झालं. अंगात शुगर जुनी. खिळ्यांवर उभं राहिलं की शुगर उतरते, असं कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलेलं.

पहिल्याच दिवशी ते माझ्यावर चढले आणि उभेच राहिले. आई गं नाही, बाप रे नाही. अभिनव बघतच राहिला.

"काका, दुखत नाही?"

"न्हाय रे पोरा. मिठागरात निबर झालेले पाय हायत हे. मना काय लागत न्हाय."

सगळ्या हॉलने टाळ्या वाजवल्या. मला मात्र तेव्हाच खटकलं. पाय गार होता आणि जागचा हलत नव्हता, भार इकडचा तिकडे होत नव्हता. मी स्वतः लाकूड आहे. लाकडावर लाकूड ठेवलेलं मला कळतं.

"देहाच्या पलीकडे जाणं म्हणतात ते हेच," अभिनव म्हणाला. त्या दिवसापासून तो बाबुरावांना सगळ्यांच्या पुढे उभं करू लागला. काकांचे गुरुजी झाले. नवीन माणसं पाया पडायची, नेमक्या त्याच पायांच्या! बाबुराव इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून वेळेच्या आधीच येऊन बसायचे. किती दिवसांनी त्यांना कुणीतरी काहीतरी विचारत होतं. त्यांचा तो आनंद बघून मलाही बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

एकदा अभिनवने शाल, नारळ आणि मला त्यांच्या हातात दिलं. मी मुर्ध्याला आलो.

रोज सकाळी पडवीत मला मांडून ते उभे राहायचे. आतून भाकरी थापता थापता त्यांची बायको, मंजुळाबाई ओरडायच्या, "अवो, उतरा आता. लागंल!"

"लागलं तं ध्यान लागंल," असं म्हणून ते खुशीत हसायचे.

असंच एका सकाळी माझी डावी फळी ओली झाली. रक्त होतं. बाबुराव उतरले, चपला घातल्या आणि चहा प्यायला गेले. अहो, थांबा, बघा तरी खाली! पण खिळ्यांना कुठली आलीय वाचा? लादीवरचे डाग मंजुळाबाईंनीच पाहिले.

"अवो, यो रगत कुठचा? तुमाला लागलं का?"

"मना? मना काय लागतंय!"

छाती फुगवून बोलले. मंजुळाबाईंनी हळद दाबली, फडकं बांधलं, आणि फडक्यासकट गुरुजी क्लासला गेले. तिकडे म्हणे अभिनवने नेहमीसारखं विचारलं, "लागलं का, गुरुजी?" डोळे मिटूनच ते म्हणाले, "लागलं." घरी नाही म्हणायचे, क्लासात हो म्हणायचे, आणि दोन्हीकडे खरंच बोलायचे.

पुढे घरात वास येऊ लागला. मंजुळाबाईंना वाटलं, डब्यातली सुकट खराब झाली. त्यांनी सगळी सुकट नेऊन टाकली, डबा उन्हात ठेवला. वास गेला नाही. बाबुरावांना ताप भरला, तेव्हा मंजुळाबाईंनी फडकं सोडलं. पाय काळा पडला होता.

डावा पाय गुडघ्याखालून कापला. शुगरनं पायातली जाणीव कधीच गेली होती, असं डॉक्टर म्हणाले. मिठाचा काहीएक संबंध नव्हता.

ते घरी आल्यावर अभिनव भेटायला आला. खाटेशी खाली बसला.

"काका, मी रोज विचारत होतो हो."

"मी बी रोज सांगत व्हतो, पोरा."

मंजुळाबाई म्हणाल्या, "यो पाट घेऊन जा तुझा." पण बाबुरावांनी नेऊ दिला नाही. आता मी त्यांच्या खाटेखाली आहे. डाव्या फळीवरचा डाग तसाच आहे. तिच्यावर उभं राहणारं कुणी नाही आणि उजवीलाही एकटीला काही अर्थ नाही.

तुम्हाला हात जोडतो, म्हणजे असते तर जोडले असते. कुणी माझ्यावर उभं राहून दुखत नाही म्हणालं, तर टाळ्या वाजवू नका. त्याला खाली उतरवा आणि त्याचे तळवे नीट बघा.

उजवा पाय रोज तपासायचा, असं डॉक्टरांनी बजावलंय. दिवेलागण झाली की मंजुळाबाई तो पाय मांडीवर घेतात. बाबुराव डोळे मिटतात. त्या झाडूच्या हिराचं टोक तळव्याला टेकवतात आणि विचारतात. ते हो म्हणतात. मग त्या पदराने पाय पुसून स्वयंपाकाला उठतात.

आजही तसंच चाललं होतं. त्यांनी पाय मांडीवर घेतला, हीर हातात धरला आणि सवयीने विचारून बसल्या, "लागलं का?"

"लागलं," बाबुराव लगेच म्हणाले.

मंजुळाबाईंनी पाय पुसला नाही, तसे त्यांनी डोळे उघडले. हीर अजून मंजुळाबाईंच्या हातातच होता.

"अवो," त्या म्हणाल्या, "मी अजून टेकवलाच न्हाय."