कॉलेजचं मागचं दार

१९७८ साली धोंडीराम पगारे नाशिकच्या नगरपालिकेत नकाशे काढायच्या कामावर होता. शहराच्या एका टोकाला कॉलेज होतं आणि त्याच्या पाठीमागे सरकारी दवाखाना. गावाकडच्या बसगाड्या मात्र कॉलेजच्या पुढच्या फाटकाशी थांबत. थांबा हलवावा का, हे ठरवायला कॉलेज, दवाखाना, एस.टी. आणि नगरपालिका यांची समिती बसली. डॉक्टर म्हणत, गाडी दवाखान्याशी न्या. एस.टी.वाले म्हणत, तिथल्या बोळात गाडी वळत नाही. तीन बैठकांत एवढंच झालं. मग धोंडीरामला हुकूम सुटला, "आठवडाभर थांब्यावर उभा राहा. कोण कुठं जातं, लिहून आण."

तिसऱ्या दिवशी हरसूलच्या गाडीतून पुंजा उतरला. पाठीवर बायको, भागीबाई. तिचा पाय मोडला होता.

"दवाखाना कंच्या अंगाला हाय, दादा?"

धोंडीरामनं कॉलेजच्या भिंतीला वळसा घालून जाणारा रस्ता दाखवला. चार पावलांत पुंजा डगमगला, तेव्हा धोंडीरामनं वही खिशात कोंबली आणि त्याच्या हातातलं बोचकं उचललं. वाटेत भागीबाईला तीनदा खाली ठेवावं लागलं. दवाखान्यासमोर कॉलेजच्या भिंतीत एक कुलूप लावलेलं लोखंडी दार होतं.

"हे उघडं ऱ्हातं, तं आतून सरळ नसतो आलो?" पुंजानं विचारलं.

धोंडीरामनं ते दार नकाशात कितीदा तरी काढलं होतं. ते बंद का, हे त्याच्या कधी मनातही आलं नव्हतं. त्याला जरा लाज वाटली.

पुढच्या बैठकीत त्यानं उभ्यानं आकडे वाचले. "दवाखान्यात जाणारे चारशे बारा. त्यांतले सदतीस पाठीवर नाहीतर झोळीत." मग कुणी न विचारता म्हणाला, "मागचं दार उघडलं तर वाट चौथाईवर येईल."

"पगारे, कॉलेज म्हणजे हमरस्ता नव्हे," प्राचार्य म्हणाले. "आणि त्या दाराची किल्ली कुणाकडे आहे, देव जाणे."

"तुमच्या काळू शिपायाकडे आहे, सर. मी विचारून आलो."

डॉक्टर म्हणाले, "चला, एकदा चालून तरी पाहू." सगळे भिंतीला वळसा घालून गेले. एस.टी.चे साहेब निम्म्यात धापा टाकू लागले. दारापाशी पोचल्यावर प्राचार्यांनी कुलूप हलवून पाहिलं. मग म्हणाले, "मैदानाच्या कडेनं जागा देतो. पण वर्गांच्या बाजूला तारेचं कुंपण हवं."

थांबा आहे तिथंच ठेवायचा, नगरपालिकेनं वाट बांधायची, पहारेकरी दवाखान्यानं द्यायचा, असं ठरलं. भागीबाई प्लॅस्टर काढायला आली तेव्हा वाटेच्या जागी जमिनीवर नुसती चुन्याची फक्की मारलेली होती. तिला पुन्हा वळसाच पडला. पुढे ती थोडी लंगडत चालू लागली, पण भातलावणीला उभी राहिली.

दार दिवाळीनंतर उघडलं. धोंडीराम सकाळी जाऊन तिथं थोडा वेळ उभा राहिला. लोक आपापल्या घाईत आत शिरत होते. कचेरीत परतल्यावर त्यानं पंचवटीतल्या एका गल्लीचा कागद पुढ्यात ओढला आणि या वेळी पेन्सिल उचलण्याआधी ती गल्ली चालून बघायला निघाला.